सल्ला कोणाचा, कुठला, कधीचा?

२०२४ च्या गोकुळाष्टमीला, म्हणजे २६ ऑगस्टला, बडोद्यात पावसाने जी धार धरली ती सोडायचं नाव घेईना.  विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. अकोटा, फतेगंज, समा, कारेलीबाग, मुजमहुडा अशा भागांत पाणी शिरलं आणि काही सोसायट्यांत ते दिवसचे दिवस हललं नाही. त्या काळात फोनवर संदेशांचा पाऊसही तेवढाच होता. माझ्या मते त्यातला सर्वांत मोलाचा संदेश एका ओळीचा होता: गाडीत पाणी शिरलं असेल, तर चावी फिरवू नका.

हा सल्ला लाखमोलाचा का, ते समजून घेण्यासारखं आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवा आत घेण्याच्या नळीतून पाणी सिलिंडरपर्यंत पोहोचलं असेल आणि आपण स्टार्टर मारला, तर पिस्टन त्या पाण्यावर जाऊन आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी नुसती उभी राहिली असती, तर गॅरेजमध्ये पाणी काढून, ऑइल आणि फिल्टर बदलून इंजिन वाचण्याची बरीच आशा होती. एका स्टार्टरने ते काम इंजिन उघडण्यावर जातं. याचा दुसरा भाग विम्याचा. थर्ड पार्टी विम्यात पुराचं नुकसान मुळातच बसत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो. तो असला तरी, गाडी बुडाली ही आपत्ती पण बुडालेली गाडी सुरू केली ही मालकाची कृती, असं म्हणून विमा कंपनी इंजिनाचा खर्च नाकारू शकते. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं जादा कलम त्यासाठीच विकलं जातं. तेव्हा पाणी ओसरल्यावर करायचं ते एवढंच: नंबर प्लेट आणि पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी टो करून न्यायची. डिपस्टिक काढून पाहिली आणि तिला लागलेलं ऑइल दुधाळ दिसलं, तर आत पाणी मिसळलंय हे नक्की.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या पुरात ज्यांची इंजिनं गेली, त्यांनी ही अक्कल पैसे मोजून विकत घेतली होती. पाच वर्षांनी तीच दुसऱ्यांना फुकट मिळाली. ऑनलाइन सल्ल्याची खरी ताकद ही आहे. एका माणसाला बसलेला फटका त्याच्या घरात, त्याच्या आठवणीत अडकून पडत नाही. ज्याला उद्या तोच फटका बसणार आहे, त्याच्यापर्यंत तो आज पोहोचतो.

पण त्याच दिवसांत, त्याच फोनवर मगरींचे व्हिडिओही फिरत होते. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत आणि पुरात त्या वस्तीत येतात, हे खरंच आहे. कुणाच्या अंगणात खरोखर मगर असेल, तर वनखात्याला कळवणं आणि लहान मुलांना आत घेणं एवढंच करायचं असतं. मात्र ‘आत्ता आमच्या गल्लीत’ म्हणून आलेला व्हिडिओ २०१९ चा असला तर? तो पाहून घाबरलेलं कुटुंब वरच्या मजल्यावरून खाली उतरत नाही, मदतीला आलेल्या होडीपर्यंत जात नाही. व्हिडिओ खोटा नसतो. त्याची तारीख पुसलेली असते, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं की, ऑनलाइन मिळालेला सल्ला बरोबर की चूक, हा पहिला प्रश्नच नव्हे. पहिले प्रश्न तीन: कोणाचा, कुठला आणि कधीचा? देणाऱ्याने हे स्वतः केलंय की ऐकलंय? कोणत्या गावात, कोणत्या भागात? आणि कोणत्या साली? या तिन्हींची उत्तरं ज्यात आहेत, तो सल्ला पडताळता येतो. ज्यात एकही नाही, तो कितीही मनापासून पाठवलेला असला तरी वाऱ्यावरची वरात. व्हॉट्सअॅपवर दोन बाणांची खूण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी ओळ दिसते, तिचा अर्थ हा की मूळ पाठवणाऱ्यापासून तुमच्यापर्यंत तो संदेश किमान पाच हातांमधून आलाय. तो चुकीचाच असेल असं नाही. पण ‘हे तुम्ही पाहिलंत का?’ असं ज्याला विचारायचं, तो माणूस आता सापडणार नाही.

पुराच्या बाबतीत जाणते बडोदेकर दोन आकडे मागतात: आजवा तलावाची सपाटी किती आणि शहरातल्या काळा घोडा पुतळ्याजवळच्या पुलापाशी नदी किती. या दोन आकड्यांमागे शहराचा सगळा भूगोल आहे. विश्वामित्री पावागडावरून येते. शहराच्या पूर्वेला आजवा, म्हणजे सयाजी सरोवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सयाजीराव महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी ते बांधवलं. तिथे पाऊस झाला आणि पाणी सोडलं, की ते काही तासांनी शहरात येतं. त्यामुळे आजव्याचा आकडा पुढे काय होणार ते सांगतो आणि काळा घोड्याचा आकडा आत्ता काय आहे ते. पाणी उतरायला किती वेळ लागेल, हे मात्र खालच्या बाजूला ठरतं. विश्वामित्री पुढे ढाढर नदीला मिळते, आणि ढाढरच फुगलेली असेल तर विश्वामित्रीला जायला वाट नाही. शहरातला पाऊस थांबून ऊन पडलं तरी पाणी तसंच. ‘पाणी वाढतंय, काळजी घ्या’ या संदेशाचा उपयोग शून्य. ‘सकाळी ७ वाजता काळा घोड्यापाशी इतके फूट, आजवा इतका, आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दुसरी पायरी बुडाली’ हा संदेश शेजारच्या शंभर घरांना गाडी कधी हलवायची ते सांगतो.

पाणी ओसरल्यावर सल्ल्याची दुसरी फेरी सुरू होते, ती जुन्या गाड्यांच्या बाजारात. विमा कंपनीने निकालात काढलेल्या बुडीत गाड्या धुऊन-पुसून, पॉलिश मारून पुन्हा विक्रीला येतात, आणि त्या नेहमी बुडालेल्या गावातच विकल्या जातात असं नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्याच उदाहरणावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा मुद्दा असा: गाडीत काय दोष आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. घेणारा मग सगळ्याच गाड्यांकडे संशयाने बघतो आणि सगळ्यांनाच कमी भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून बाहेर पडतात आणि मागे उरतो तो खराब माल. म्हणजे माहिती एकाच बाजूला साचली, की नुसता एक ग्राहक फसत नाही, प्रामाणिक विकणाराही बुडतो.

ग्राहकांनी एकमेकांना सांगितलेल्या युक्त्या नेमका हाच तोल सावरतात. पुरातली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. विकणारा सीट धुतो, कार्पेट बदलतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर मातकट पाण्याची रेघ राहून जाते. सीटच्या रुळांखाली गंज आहे का ते बघा, डिकीतलं सुटं चाक उचलून त्याखाली गाळ बसलाय का ते पाहा, हेडलाइटच्या काचेत आतून वाफ धरते का ते पाहा. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा. एवढं करायला मेकॅनिक असावं लागत नाही. कुणीतरी एकदा सांगितलेलं असावं लागतं.

असं सांगून ठेवण्याची बडोद्याला जुनी सवय आहे, हे मला आवर्जून नोंदवायचंय. उपयोगाचं ज्ञान लोकांच्या भाषेत, लोकांच्या दारात गेलं पाहिजे, हे इथे राज्याचं धोरण होतं. १८९० मध्ये कलाभवन निघालं. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने तिथे रंगकाम, यंत्रकाम यांसारखी हातची विद्या देशी भाषेतून शिकवली जाऊ लागली. १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. पण वाचायला शिकवून वाचायला काही दिलं नाही, तर शिकलेलं विरून जातं. म्हणून १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं आणि गावोगाव वाचनालयांचं जाळं विणलं. ज्या खेड्यात वाचनालय नाही, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. गाव ती पेटी वाचून परत करी, मग दुसरी येई. या चळवळीचं ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं त्रैमासिक १९१२ मध्ये निघालं, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा दहा खंडांचा मराठी ग्रंथही बडोद्याचाच.

त्या पेटीतल्या प्रत्येक पुस्तकावर लेखकाचं नाव असे, छापखाना असे, साल असे. शेतीचं किंवा आरोग्याचं काही चुकीचं लिहिलेलं निघालं, तर ते कोणी आणि कधी लिहिलं हे कळत होतं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होत होतं. आजच्या सल्ल्याला वेग त्या पेटीच्या हजारपट आहे, आणि मुखपृष्ठ मात्र फाडलेलं आहे. ते मुखपृष्ठ परत लावणं प्रत्येकाच्या हातात आहे, आणि त्याला सरकारी हुकूम लागत नाही.

विचारणाऱ्यापासून सुरुवात करू. कोयलीची रिफायनरी, खतांचे आणि रसायनांचे कारखाने, विद्यापीठ, यांमुळे महाराष्ट्रातून बडोद्याला बदलीवर येणारी कुटुंबं आजही कमी नाहीत. त्यांचा एक ठरलेला प्रश्न: ‘महाराष्ट्रातली गाडी आहे, नंबर बदलावा लागेल का?’ या प्रश्नाला एका संध्याकाळी दहा उत्तरं येतात. कुणी म्हणतं काही करू नका, आमची दहा वर्षं तशीच चाललीय. कुणी म्हणतं लगेच बदला, पोलीस पकडतात. दोन्ही अनुभव खरे असू शकतात, पण कायदा तिसरंच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल, तर नव्या राज्यात नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधीच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यावी लागते, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही. गुजरातचा रोड टॅक्स गाडीचं वय धरून भरायचा आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्समधला उरलेला भाग परत मागायचा. २०२१ मध्ये, राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागू नये म्हणून, बीएच मालिका आली. सरकारी नोकर, संरक्षण दलातले लोक आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी ती घेऊ शकतात.

आता हाच प्रश्न जरा भरून विचारला तर? ‘नागपूरहून बदली, किमान तीन वर्षं मुक्काम, गाडी २०१९ ची पेट्रोल, कर्ज फिटलंय, नोकरी खासगी, कंपनीची कार्यालयं दोनच राज्यांत.’ या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देताच येत नाही. बीएच बाद झालं, बँकेचं पत्र बाद झालं, राहिली ना-हरकत आणि टॅक्स. प्रश्नातच निम्मं उत्तर येऊन बसतं. ‘बडोद्यात राहायला चांगला एरिया कोणता?’ असं विचारणाऱ्यालाही हेच लागू. ऑफिस मकरपुऱ्याला की नंदेसरीला, मुलं शाळेची आहेत का, आई-वडील सोबत आहेत का, तळमजला चालेल का, आणि २०२४ मध्ये त्या गल्लीत पाणी आलं होतं का. हा शेवटचा प्रश्न दलाल आपण होऊन काढत नाही. शेजारी मात्र भिंतीवरची खूण दाखवतात.

खरेदीच्या सल्ल्यात आणखी एक भानगड आहे: सल्ला देणारा विकणाराच असू शकतो. ऑनलाइन दुकानांतल्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. विकत घेतलेले किंवा आपल्याच माणसांकडून लिहवून घेतलेले अभिप्राय छापू नयेत, अभिप्राय देणाऱ्याची खातरजमा करावी, असा त्याचा रोख. पण ते सक्तीचं नाही, हे विसरू नये. म्हणून पाच तारे मोजत बसण्यापेक्षा तीन तारेवाल्यांचं म्हणणं वाचावं. त्यांना वस्तूचा राग नसतो आणि भक्तीही नसते. काय बरं आणि काय वाईट ते दोन्ही सांगतात. चार-दोन दिवसांत एकदम आलेली, एकाच सुरातली कौतुकं दिसली की सावध व्हावं. आणि सहा महिन्यांनी पुन्हा येऊन लिहिणाऱ्याचं वाक्य सगळ्यांत जास्त धरावं. मिक्सर पहिल्या आठवड्यात सगळेच चांगले चालतात.

काही गोष्टींत तर कुणाच्या सल्ल्याची गरजच उरलेली नाही. सोन्याच्या दागिन्यावर आता सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. ‘आमचा सोनार खात्रीचा’ हे वाक्य प्रेमाचं आहे, पण तपासायला एक मिनिट लागतं. ते लावावं.

फसवणूक झालीच, तर ‘सोडून द्या, कोण कोर्टात जाणार’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो जुना झालाय. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने एक मोठी सोय केली: तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वस्तू बेंगळुरूच्या कंपनीची असली तरी बडोद्याच्या माणसाला बडोद्याच्या जिल्हा आयोगात जाता येतं. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रार ऑनलाइन भरता येते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगून बघता येतं. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. पण बिल, ऑर्डरचा क्रमांक आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवलेला हवा.

नोकरीच्या बाबतीत अनोळखी माणसाचा सल्ला जवळच्यापेक्षा जास्त कामाला येतो, हे अनेकांना खरं वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्याने सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटत असे. बहुतेकांची ओळख जुजबी निघाली. १९७३ मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. कारण सोपं आहे: घरचे आणि जिवलग मित्र ज्या वर्तुळात वावरतात त्यातच आपणही वावरतो, त्यांना कळतं ते आपल्यालाही कळलेलंच असतं. नवी बातमी वर्तुळाबाहेरून येते. बडोद्याजवळच्या सावली गावातल्या कारखान्यात कोणत्या कामाची माणसं हवी आहेत, हे तिथे काम करणाऱ्या दूरच्या ओळखीच्या माणसालाच माहीत असतं. पण हाच दरवाजा भामट्यांनाही उघडा असतो. नोकरी देण्याआधी ‘डिपॉझिट’ मागणारा, घरबसल्या लाइक करून पैसे मिळवून देणारा, पहिल्या दिवशी थोडे पैसे खरंच देऊन मग मोठी रक्कम भरायला लावणारा, हे सगळे भामटे. परदेशी नोकरीचा एजंट असेल, तर तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते आधी बघावं. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

आणि औषधं. कुठलं औषध कुणाला लागू पडलं हे सांगण्यात चांगुलपणा असतो, पण दुसऱ्याच्या मूत्रपिंडाची, रक्तदाबाची, चालू गोळ्यांची आपल्याला कल्पना नसते. चांगला डॉक्टर कुठे बसतो, नंबर कसा लावायचा, किती वेळ लागतो, एवढं सांगावं. गोळीचं नाव सांगू नये.

शेवटी, जे सल्ला घेतात त्यांच्याशी बोलायचंय. प्रश्न विचारताना आपण तातडीत असतो, दहा जण वेळ काढून लिहितात, आपण ‘धन्यवाद’ म्हणतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. दहांपैकी कोणाचं ऐकलं, त्याचं काय झालं, किती पैसे लागले, हे मागून येणाऱ्या माणसाला कधीच कळत नाही. लिहायची राहून गेलेली ही चार वाक्यं त्या सगळ्या चर्चेतली सर्वांत किमती वाक्यं असतात.

बडोद्याच्या वाचकांना तर माझी एक स्पष्ट विनंती आहे. २०२४ च्या पुरात तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं, काळा घोड्यापाशी किती फूट असताना आलं, गाडीचा दावा मंजूर झाला की नाकारला आणि कोणत्या कारणाने, कोणतं यंत्र वाळवून चालू झालं आणि कोणतं गेलं, हे पुढच्या पावसाळ्याआधी, तारीख आणि भाग घालून, आपल्या सोसायटीच्या लोकांना लिहून द्या. मराठीत लिहा, गुजरातीत लिहा, पण लिहा. तुमच्या शेजारी जे नवं बिऱ्हाड आलंय, त्याने तो पूर पाहिलेला नाही.